साइटवरचा कामगार सुरक्षेबद्दल बोलता व्हावा म्हणून

सकाळी हजेरी झाली की बहुतेक मोठ्या साइटवर सुरक्षेची बैठक होते. सेफ्टी ऑफिसर कागदावरच्या सूचना वाचतो, हेल्मेट घाला, बेल्ट लावा, वर काम चालू असेल तर खाली उभे राहू नका असे सांगतो, समोरची साठ-सत्तर माणसे मान डोलावतात, मग एक वही फिरते आणि तिच्यात सह्या व अंगठे उमटतात. त्या दहा मिनिटांत कामगारांपैकी एकही जण तोंड उघडत नाही. पण त्यांच्यातल्याच कोणाला तरी काल संध्याकाळपासून ठाऊक असते की सातव्या मजल्यावरच्या डक्टवरची, म्हणजे पाइप-वायरींसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीवरची, फळी कोणीतरी काढून नेली आहे, मागच्या बाजूच्या परांचीला दोन ठिकाणी क्लॅम्पऐवजी बाइंडिंग तार गुंडाळली आहे, आणि कटिंग मशीनची वायर रात्रीपासून पाण्यात पडून आहे.

ही माहिती अपघाताच्या आधी आपल्यापर्यंत पोहोचावी असे ज्या साइट इंजिनिअरला, सुपरवायझरला, सेफ्टी ऑफिसरला किंवा लहान ठेकेदाराला मनापासून वाटते, त्याच्यासाठी हे लिहिले आहे. पुण्याच्या आसपासच्या इमारतींच्या कामांवर अनेक वर्षे काढल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. कामगाराला धोका दिसत असतो, पण तो सांगण्याची किंमत त्याला एकट्याला मोजावी लागते, आणि सांगून काही बदलत नाही हे त्याने आधीच्या चार साइटवर पाहिलेले असते. या दोन अडचणी दूर केल्या की तो बोलू लागतो. त्या तशाच ठेवून केलेली भाषणे, पोस्टर आणि शपथा वाया जातात.

आधी पैशांचा हिशेब समजून घ्या

साइटवरच्या माणसाला पगार कोण देतो आणि कशावर देतो, हे कागदावर लिहून काढण्यापासून सुरुवात करावी. सेंट्रिंगचे, म्हणजे काँक्रीटसाठी साचे उभारण्याचे, काम बहुधा स्क्वेअर फुटावर दिलेले असते, सळईचे टनावर, प्लास्टरचेही स्क्वेअर फुटावर, आणि बिगारी रोजावर असतो. ज्याचे पैसे कामाच्या मापावर ठरतात, त्याच्या दृष्टीने परांचीची फळी शोधायला गेलेला अर्धा तास म्हणजे बुडालेली मजुरी असते. शिवाय बाहेरगावाहून आलेल्या बऱ्याच जणांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आठवड्याची खर्ची त्याच्याच हातून मिळते, आणि गावी जाताना बाकीचा हिशेबही तोच करतो. अशा माणसाने सेफ्टी ऑफिसरसमोर मुकादमाच्या परांचीत दोष काढावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. तुम्ही उद्या दुसऱ्या प्रोजेक्टवर जाल, पण त्याला मुकादमाबरोबरच राहायचे असते.

म्हणून पहिली बैठक कामगारांशी नव्हे, ठेकेदार आणि मुकादम यांच्याशी घ्यावी, आणि तीन गोष्टी तिथेच ठरवून घ्याव्यात. परांची बांधणे, कठडे लावणे, डक्ट झाकणे, जाळी ओढणे ही कामे दरात मिसळून न टाकता वेगळी मोजावीत व त्यांचे वेगळे पैसे द्यावेत. फुकट करायला लागणारे काम नेहमी अर्धवटच होते. सुरक्षेच्या कारणाने काम थांबले, तर त्या वेळेची हजेरी कापली जाणार नाही, आणि मापावरच्या गटाला ठरावीक ताशी रक्कम मिळेल, हे कामाच्या करारात लिहावे. तिसरे म्हणजे मुकादमाला हे स्पष्ट सांगावे की त्याच्या माणसाने धोका दाखवला तर त्याचा ठपका मुकादमावर येणार नाही. मुकादम हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित माणूस आहे. तो बहुधा स्वतः बिगारी म्हणून सुरुवात करून वर आलेला असतो, त्याच्या गटातली माणसे त्याच्या गावची किंवा नात्यातली असतात, आणि त्यातला एक जरी पडला तरी गावात तोंड दाखवणे त्याला अवघड होते. त्याला बाजूला ठेवून कामगारांपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न मी सुरुवातीला करून पाहिला होता आणि तो पूर्णपणे फसला. मुकादमाला बरोबर घेतल्यावरच गाडी पुढे सरकली.

दंडाबद्दलही इथेच बोलायला हवे. हेल्मेट नसले की शंभर रुपये कापायचे, ही पद्धत अनेक साइटवर आहे. तिने हेल्मेट दिसू लागतात, पण सेफ्टी ऑफिसर लांबून येताना दिसला की माणसे पांगतात. ज्याला पाहून माणसे पांगतात, त्याला कोणी काही सांगायला येत नाही. दंडाची रक्कम ठेकेदाराच्या बिलातून, तीही त्याने साधने पुरवली नसतील तरच, कापावी. मजुराच्या रोजाला हात लावू नये.

सकाळची बैठक प्रश्नाने सुरू करा

सत्तर जणांची एक बैठक घेण्याऐवजी गटागटाने, बारा ते पंधरा माणसांची, दहा मिनिटांची बैठक घ्यावी आणि ती ऑफिससमोर न घेता त्या दिवशी जिथे काम आहे तिथेच घ्यावी. खोदाई असेल तर खड्ड्याच्या काठापासून सुरक्षित अंतरावर उभे राहावे, स्लॅबचे काम असेल तर खालच्या मजल्यावर टेकूंच्या रांगेपाशी. डोळ्यांसमोर वस्तू असली की माणूस बोट दाखवू शकतो, आणि बोट दाखवणे हे बोलण्यापेक्षा सोपे असते.

बैठकीत आधी विचारायचे आणि मग सांगायचे. मात्र 'काही अडचण आहे का' असे विचारले की 'नाही साहेब' हेच उत्तर मिळते. 'भीती वाटते का' हा प्रश्न तर कधीच विचारू नये, कारण उंचीवर काम करणारा माणूस चारचौघांत भीती कबूल करणार नाही. माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडलेला प्रश्न असा: 'तुमचा धाकटा भाऊ आज पहिल्यांदा कामावर आला आहे आणि त्याला इथे उभे करायचे आहे, तर त्याआधी काय नीट करून घ्याल?' या प्रश्नाने माणसाचा मान राखला जातो, तो जाणकार ठरतो, आणि जे तो स्वतःसाठी मागणार नाही ते भावासाठी मागतो. दुसरा चांगला प्रश्न म्हणजे 'काल काम सोडल्यापासून इथे काय बदलले?' रात्री पाऊस झाला, दुसऱ्या गटाने फळ्या नेल्या, टँकर काठाजवळून गेला, अशी उत्तरे त्यातून येतात.

प्रश्न विचारल्यावर थांबावे. दहा सेकंदांची शांतता फार मोठी वाटते आणि बहुतेक इंजिनिअर ती सहन न होऊन स्वतःच उत्तर देऊन टाकतात. शिवाय पहिला प्रश्न मिस्त्रीला विचारू नये. मिस्त्री बोलला की बाकीचे त्याच्याविरुद्ध बोलत नाहीत; म्हणून बिगाऱ्यापासून सुरुवात करावी आणि मिस्त्रीला शेवटी, 'यात तुमची काय भर आहे' असे विचारावे.

खोदाईचे उदाहरण घेऊ. पाइपलाइनसाठी दोन मीटर खोल चर खणायचा आहे, जमीन वर काळी माती आणि खाली मुरूम अशी आहे. दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना उतार द्यावा किंवा फळ्या व टेकू लावून आधार द्यावा, आणि काढलेली माती काठापासून किमान दीड मीटर दूर टाकावी, हा नियम वाचून दाखवता येतो. पण त्याऐवजी विचारावे की काठावर भेग दिसली तर ती काय सांगते, आणि ती कोणी पाहिली आहे का. मराठवाड्यातून आलेल्या एखाद्या माणसाने गावाकडे विहीर खणलेली असते. काळी माती वाळली की भेगाळते आणि भिजली की फुगून सुटते, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगले कळते, आणि त्याच्या तोंडून बाहेर आलेली गोष्ट बाकीचे लक्ष देऊन ऐकतात. मग तुम्ही तुमच्याकडची भर घालावी: एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते, आणि छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस तोंड उघडे असूनही गुदमरू शकतो, कारण मातीच्या दाबाखाली छाती फुगू शकत नाही. ही दोन वाक्ये ऐकल्यावर टेकू कशाला लावायचे, हे पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

भाषेकडेही लक्ष द्यावे. एकाच स्लॅबवर मराठी, हिंदी, भोजपुरी, बंगाली, कन्नड आणि तेलुगू बोलणारी माणसे असतात. साइटवरची हिंदी सर्वांना कामापुरती येते, पण धोक्याचे बारकावे माणूस स्वतःच्या भाषेतच सांगतो. प्रत्येक गटात दोन्हीकडचे बोलणे समजणारा एक जण शोधून त्याला शेजारी उभे करावे. माणसांना 'ए बिहारी', 'ए बाई' अशी हाक मारू नये. हेल्मेटवर ज्याच्या-त्याच्या लिपीत नाव लिहावे आणि त्या नावाने हाक मारावी. ही गोष्ट लहान वाटते, पण ज्याला नाव नसते तो तक्रारही करत नाही.

सांगितलेले त्याच दिवशी झाले पाहिजे

या लेखातली एकच गोष्ट करता येणार असेल, तर ही करावी. बैठकीत पुढे आलेल्या गोष्टींपैकी निदान एक गोष्ट त्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी दुरुस्त करावी आणि ती कोणी सांगितली होती, हे दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर त्याची परवानगी घेऊन सांगावे. यासाठी साइटवर थोडे सामान कायम हाताशी हवे: फळ्या, क्लॅम्प, जाळी, डक्ट झाकायचे प्लायवूड, चांगले प्लग आणि सॉकेट, आणि हे सामान स्टोअरमधून तीन सह्यांशिवाय काढण्याचा अधिकार सुपरवायझरला हवा. जी गोष्ट लगेच होणार नाही, तिची तारीख फळ्यावर लिहावी. जी होणारच नाही, तिचे कारण सांगावे. 'बघतो' हा शब्द साइटवर 'नाही' या अर्थानेच ऐकला जातो.

एका साइटवर पहिली तक्रार आली ती पिण्याच्या पाण्याची होती. नळ तळमजल्यावर आणि काम नवव्या मजल्यावर. सेफ्टी ऑफिसरने ती कल्याणाची बाब म्हणून वेगळ्या वहीत ढकलली होती. आम्ही दर तिसऱ्या मजल्यावर पाण्याचे जार ठेवले. पुढच्याच आठवड्यात एका बिगारी बाईने सांगितले की जिन्याच्या वळणावर दिवा नसल्यामुळे संध्याकाळी घमेले घेऊन उतरताना पाय अंदाजाने टाकावा लागतो. त्यानंतर परांचीच्या, मशीनच्या आणि होइस्टच्या (माणसे व माल वर नेणाऱ्या साइटवरच्या लिफ्टच्या) गोष्टी येऊ लागल्या. लोक आधी लहान गोष्ट मागून बघतात. तिचे काय होते यावरून मोठी सांगायची की नाही हे ठरवतात. एप्रिल-मे महिन्यांत तर पाणी, सावली आणि दुपारची सुट्टी हा थेट सुरक्षेचाच विषय असतो, कारण उन्हाने चक्कर आलेला माणूस उंचीवरून पडतो.

राहण्याच्या जागेलाही हेच लागू आहे. २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ माणसे गेली. त्यांत लहान मुलेही होती. लेबर कॅम्पमधल्या भिंती, विजेच्या तारा आणि पावसाचे पाणी यांबद्दल तिथे राहणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय तुमची पाहणी पूर्ण होत नाही.

थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची नोंद

वरून पाना पडला आणि कोणाला लागला नाही, बेल्टचा हूक सुटला पण माणूस कठड्याला धरून राहिला, असे प्रसंग कळायला हवेत. 'इतके दिवस अपघात नाही' असा फलक लावून महिनाअखेर मिठाई किंवा भेटवस्तू देणाऱ्या साइटवर ते कळत नाहीत, कारण फलकावरचा आकडा मोडणारा माणूस सगळ्या गटाची भेट घालवतो. तो बोटाला लागलेले फडक्याने गुंडाळून काम करत राहतो. बक्षीस द्यायचे असेल तर धोका दाखवणाऱ्याला द्यावे. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपवर फोटो किंवा आवाजी संदेश पाठवण्याची सोय ठेवावी आणि तो क्रमांक मुकादमाच्या गटातला नसलेल्या माणसाकडे असावा. नोंद करताना 'कोणाची चूक' हा रकाना कागदावरून काढून टाकावा. 'काय झाले', 'आधी काय दिसत होते' आणि 'काय बदलायचे' एवढे पुरे.

काम थांबवण्याचा अधिकार

हा भाग सर्वांत अवघड आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेत कामगाराला सुरक्षेची माहिती मागण्याचा अधिकार आहे. जीवाला किंवा शरीराला गंभीर धोका जवळ आला आहे असे वाजवीपणे वाटले, तर ते मालकाच्या आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचाही अधिकार आहे, आणि मालकाने खात्री पटताच तातडीने उपाय करायचा आहे. कायद्यातले हे वाक्य साइटवर उतरवण्यासाठी थांबवण्याची कारणे आधीच, कामगारांशी बोलून, ठरवावीत आणि चित्रांसह लावावीत: कठडा नसलेली कड, आधार नसलेला खोल चर, उचललेल्या मालाखाली उभी असलेली माणसे, सोललेली वायर, वारा वाढलेला असताना चालू असलेली क्रेन, आवाज बदललेली किंवा मध्येच अडकणारी होइस्ट. शेवटच्या कारणाबद्दल एवढेच सांगतो की १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यात बाळकुम येथे एका उंच इमारतीच्या बांधकामावरची लिफ्ट कोसळून ७ कामगार गेले. होइस्टमधून दिवसातून वीस वेळा चढ-उतार करणाऱ्या माणसाच्या कानाला जे कळते, ते महिन्यातून एकदा येणाऱ्या तपासनीसाला कळेलच असे नाही. त्याने थांबवा म्हटले की आधी थांबवावे आणि मग तपासावे.

काम थांबवल्यावर धोका नसल्याचे निघाले, तरी थांबवणाऱ्याचे सर्वांसमोर आभार मानावेत. त्या क्षणी सगळी साइट तुमच्या चेहऱ्याकडे बघत असते. स्लॅब भरायचा दिवस असेल, रेडीमिक्सच्या गाड्या गेटवर उभ्या असतील आणि तरीही तुम्ही टेकू तपासायला अर्धा तास दिलात, तर त्या अर्ध्या तासाने जे काम होते ते वर्षभराच्या बैठकांनी होत नाही.

साधने निवडताना वापरणाऱ्याला विचारा

सेफ्टी बेल्ट घातलेला पण हूक न लावलेला माणूस प्रत्येक साइटवर दिसतो. त्याला ओरडण्याआधी त्याच्या जागी उभे राहून बघावे की हूक लावायला काही आहे का. बहुधा लाइफलाइनच, म्हणजे हूक अडकवायचा दोरच, नसते, किंवा ती पायाच्या पातळीवर असते, किंवा दोन पावले सरकले की हूक काढावाच लागतो. दोन हुकांचा बेल्ट आणि डोक्याच्या वर ओढलेला दोर दिला, तर तोच माणूस न सांगता हूक लावतो. दोर कुठे ओढायचा, हे सेंट्रिंगच्या आणि सळईच्या माणसांनाच ठरवू द्यावे.

बायकांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर घमेले नेणाऱ्या बाईला हेल्मेट घालता येत नाही, हे साधे सत्य हेल्मेटची सक्ती करणाऱ्या फलकांना दिसत नाही. यावर उपाय माल वाहण्याची पद्धत बदलणे हाच आहे: हातगाडी, लहान होइस्ट किंवा कप्पी. बुटांचे मापही त्यांना बसत नाही आणि साडीवर बेल्ट नीट बसत नाही. साडीवरून घालायचा शर्ट, पायघोळ कपडे आवरायची सोय आणि लहान मापाचे बूट हे त्यांच्याशी बोलूनच ठरवावे. हे बोलणे त्यांच्या नवऱ्यांसमोर किंवा मुकादमासमोर न घेता वेगळे घ्यावे. कामावर असताना तान्हे मूल कुठे आहे, हा प्रश्न ज्या आईच्या मनात असतो तिचे लक्ष कामावर राहत नाही, म्हणून पाळणाघर हा सुरक्षेच्याच यादीतला विषय आहे.

समिती आणि प्रतिनिधी

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या साइटवर मालक आणि कामगार यांचे समान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती सांगितली होती; २०२० च्या संहितेत बांधकामासाठी सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा २५० कामगारांवर आली आहे. चाळीस माणसांच्या साइटला यांतले काही लागू होत नाही, पण तिथेही प्रत्येक गटाचा एक प्रतिनिधी निवडता येतो. त्याला गटाने निवडावे, ठेकेदाराने नव्हे. मुकादम स्वतः प्रतिनिधी नसावा. निदान एक बाई असावी. आठवड्यातून एकदा त्यांना कामाच्या वेळेत, हजेरी धरून, तासभर साइटवर फिरवावे आणि जे दिसेल ते त्यांच्याच हाताने फळ्यावर लिहवून घ्यावे.

कामगार टिकत नाहीत, ही अडचण खरी आहे. होळी, छठ किंवा दिवाळीला गावी गेलेल्यांपैकी अर्धेअधिक परत दुसऱ्याच साइटवर जातात आणि नाक्यावरून रोज नवी माणसे येतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एका अनुभवी कामगाराबरोबर जोडून द्यावे, त्या दोघांनी मिळून साइट फिरावी, आणि संध्याकाळी नव्यालाच विचारावे की आज त्याला काय खटकले. आपली नजर सरावलेली असते, त्याची नसते. याच पहिल्या आठवड्यात त्याची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडची नोंदणी आहे का, हे पाहावे. वय १८ ते ६० असेल आणि वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केले असेल, तर तो पात्र असतो, आणि ९० दिवसांच्या दाखल्यासाठी त्याला वणवण करावी लागू नये, याची काळजी ठेकेदाराने घ्यावी. जो आपल्या हक्काच्या कागदासाठी धावपळ करतो, त्याच्यावर माणूस विश्वास टाकतो.

हे सगळे सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत नोंदींची संख्या झपाट्याने वाढेल आणि मुख्य कार्यालयातून विचारणा येईल की तुमच्याच साइटवर एवढे धोके का. त्यासाठी आधीच तयारी ठेवावी: सुरुवातीलाच वरिष्ठांना लेखी कळवावे की आकडा वाढणार आहे, आणि दर आठवड्याला आलेल्या नोंदी, दुरुस्त झालेल्या नोंदी व दुरुस्तीला लागलेले दिवस असे तीन आकडे त्यांना पाठवावेत. नोंदी अचानक थांबल्या तर मात्र त्याच दिवशी साइटवर जाऊन जेवणाच्या सुट्टीत माणसांमध्ये बसावे, आणि शेवटची नोंद कोणाची होती व तिचे पुढे काय झाले, हे शोधून काढावे.